भूकंप, ताण आणि चुंबकसुई : एका वादाची चुकलेली दिशा

फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तान हादरले आणि मार्च २०२५मध्ये म्यानमार, तेव्हा दोन्ही वेळा आपल्याकडे एकच वाद नव्याने पेटला. एका बाजूचे म्हणणे असे, की भूकंपाआधी त्या परिसरातील चुंबकीय क्षेत्र बदलते, शास्त्रज्ञांना हे पुरते ठाऊक आहे, आणि तरीही लोकांना सावध केले जात नाही. दुसरी बाजू म्हणते, की चुंबकाचा आणि भूकंपाचा सुतराम संबंध नाही. जो असे बोलतो तो एक तर भोळा आहे किंवा भोंदू. दोन्ही बाजू सारख्याच ठाम आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकल्या आहेत. भूकवचातील ताण आणि स्थानिक चुंबकीय क्षेत्र यांचे नाते खरे आहे, ते मोजले गेले आहे आणि त्यामागचे भौतिकशास्त्रही बऱ्याच अंशी समजले आहे. मात्र ते अतिशय क्षीण आहे आणि आजवर खात्रीने दिसले ते भूकंपाच्या क्षणी, आधी नव्हे. या नात्याचा अभ्यास भाकितासाठीच झाला पाहिजे, या हट्टाने त्या अभ्यासाचे जेवढे नुकसान केले तेवढे त्याच्या टिंगलखोरांनीही केलेले नाही. तो खडकातील ताण जाणून घेण्यासाठी व्हावा, सार्वजनिक पैशाने व्हावा, आणि त्यासाठी कोयनेच्या खोऱ्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही, असे मला वाटते.

आकड्यांशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे हवेत काठ्या मारणे. चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे बारीक एकक म्हणजे नॅनोटेस्ला; पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र महाराष्ट्रात चाळीस हजार नॅनोटेस्लांहून थोडे अधिक भरते. सूर्यामुळे वरच्या वातावरणात जे विद्युतप्रवाह वाहतात, त्यांच्यापायी हा आकडा रोज सकाळ ते संध्याकाळ पन्नासएक नॅनोटेस्लांनी हलतो. मे २०२४मध्ये लडाखच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला, त्या सौरवादळासारख्या वेळी तो काही शेकड्यांनी घसरतो. भूकंपामुळे होणारा बदल किती? कॅलिफोर्नियात १९८६च्या नॉर्थ पाम स्प्रिंग्ज भूकंपात आणि १९९२च्या ७.३ तीव्रतेच्या लँडर्स भूकंपात अगदी जवळच्या केंद्रांवर जो कायमचा फरक नोंदला गेला, तो सव्वा नॅनोटेस्लाच्या आतला होता. एकीकडे चाळीस हजार, दुसरीकडे एक. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, त्या दिवसांत मलाही एक संदेश आला होता, की मोबाइलमध्ये चुंबकमापक ॲप घ्या आणि आकडा उडू लागला की घराबाहेर पडा. मी ते घेतले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन ठेवला. आकडा ४२ मायक्रोटेस्ला, म्हणजे ४२ हजार नॅनोटेस्ला. लोखंडी तवा जवळ सरकवताच तो साठाच्या पुढे गेला, म्हणजे एका तव्याने अठरा हजार नॅनोटेस्लांची उलथापालथ केली. बहुतेक फोनना शे-दीडशे नॅनोटेस्लांपेक्षा बारीक फरक कळतही नाही. ज्या उपकरणाला तवा कळतो पण लँडर्सचा भूकंप कळला नसता, त्याच्या भरवशावर माणसांनी थंडीत रात्री अंगणात काढायच्या का?

पण एवढ्यावरून दुसऱ्या बाजूने टाळ्या वाजवू नयेत, कारण बदल लहान असणे आणि नसणे यांत फरक आहे. बेसाल्टसारख्या खडकात मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे बारीक कण असतात. खडक दाबला की त्या कणांतील चुंबकनाची दिशा आणि मात्रा किंचित बदलते; दाबाच्या दिशेने ती घटते, आडव्या दिशेने वाढते. प्रयोगशाळेत दाबयंत्राखाली खडकाचा नमुना ठेवून हे अनेकदा पाहिले गेले आहे. दहा लाख पास्कल (पास्कल हे ताणाचे एकक) ताणामागे हा बदल हजारात एक, अशा हिशेबाचा असतो. भूकंपात मोकळा होणारा ताण सामान्यतः दहा लाख ते एक कोटी पास्कल एवढा, म्हणजे जमिनीवर एक-दोन नॅनोटेस्ला दिसावेत, आणि तेवढेच दिसतात. याखेरीज खडकाच्या भेगांतून पाणी सरकू लागले की त्यासोबत विद्युतभारही सरकतो आणि त्याचेही क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते. यात चमत्कार कुठेच नाही. सूर्याचा पन्नास नॅनोटेस्लांचा गोंगाट चालू असताना हा एक नॅनोटेस्ला ऐकायचा कसा, यालाही साधी युक्ती आहे: दहा-पंधरा किलोमीटरवर दुसरे केंद्र ठेवायचे आणि एकाच क्षणाच्या दोन नोंदींची वजाबाकी करायची. सूर्याचे देणे दोन्हीकडे जवळपास सारखे असल्याने वजा होते, उरते ते स्थानिक. कॅलिफोर्नियाच्या सान अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे भूकवचाच्या मोठ्या भेगेवर, १९७०च्या दशकापासून हेच चालले आहे.

मग हे नाते भाकिताच्या दावणीला बांधले कधी गेले? फार पूर्वी. ११ नोव्हेंबर १८५५च्या रात्री एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर एक हकीकत पसरली, की असाकुसा भागातील एका चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना कौतुक म्हणून ठेवलेल्या मोठ्या चुंबकाला चिकटलेले खिळे आणि लोखंडी तुकडे भूकंपाच्या सुमारे दोन तास आधी आपोआप गळून पडले. लवकरच याच कल्पनेवर भूकंपसूचक यंत्र तयार झाले: वर चुंबक, खाली लटकणारा लोखंडाचा तुकडा, आणि तो सुटला की वाजणारी घंटा. यंत्र देखणे होते, पण त्याने इशारा दिल्याची खात्रीलायक नोंद नाही. आणि एका नॅनोटेस्लाच्या फरकाने चुंबकाचा खिळा सुटत नाही, हे आता शाळेतले पोरही सांगेल. ही गोष्ट मी हसण्यासाठी सांगत नाही. त्या दुकानदाराने खिळे पडलेले पाहिले असतीलच. प्रश्न असा आहे, की त्याआधी किती संध्याकाळी खिळे पडले होते आणि त्या रात्री काहीच झाले नव्हते, याची मोजदाद कोणी ठेवली होती? भूकंपानंतर मागे वळून पाहिले की प्रत्येक गोष्ट खूण वाटू लागते. आजच्या चर्चेतली बहुतेक उदाहरणे त्या दुकानातल्या खिळ्यांच्याच जातीची आहेत.

तरीही भाकितवाद्यांच्या हातात एक उदाहरण असे आहे, की त्याची टवाळी करून चालणार नाही. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप झाला. केंद्रापासून अवघ्या सात किलोमीटरवर कोरालिटोस येथे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अँटनी फ्रेझर-स्मिथ यांचे अतिमंद कंपनांचे चुंबकीय ग्राहकयंत्र चालू होते आणि ते भूकंपासाठी मांडलेले नव्हते, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून काही दडलेले असण्याचा संशयही नको. त्या यंत्रावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून पातळी चढू लागली आणि भूकंपाच्या सुमारे तीन तास आधी तिने मोठी उसळी घेतली. १९९०मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरातील भूभौतिकशास्त्रज्ञ चकित झाले, आणि ते होणे रास्तच होते. पुढची दोन दशके जपानपासून ग्रीसपर्यंत जे जे दावे झाले, त्यांतल्या बहुतेकांचा आधारस्तंभ हीच नोंद होती.

आणि तो स्तंभ एकाच यंत्रावर उभा होता. वजाबाकीला दुसरे केंद्र नाही, तर उरलेले स्थानिक आहे की सूर्याचे, की यंत्राच्या पोटदुखीचे, हे ठरवायचे कशावरून? २००९मध्ये अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी मूळ आकडेवारी पुन्हा काढली, त्याच काळातील इतर वेधशाळांच्या नोंदींशी ताडली, आणि ही उसळी जमिनीतून आलेली नसून यंत्रणेतील बिघाडाची असण्याचीच शक्यता अधिक, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने त्यातला काही भाग त्या दिवसांतल्या नैसर्गिक चुंबकीय हालचालींचा असल्याचे दाखवले. यावर भाकितवादी म्हणतात, की एक उदाहरण पडले म्हणून सिद्धांत पडत नाही. मान्य. पण पार्कफील्डचे काय? कॅलिफोर्नियातील या खेड्याजवळ सहाच्या आसपासचे भूकंप ठरावीक अंतराने होतात असे दिसल्यावर १९८५मध्ये पुढचा भूकंप १९९३च्या आत होईल असे अधिकृतपणे जाहीर झाले आणि भ्रंशाच्या दोन्ही अंगांना भूकंपमापक, ताणमापक, चुंबकमापक अशी दाट पेरणी झाली. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ला, अकरा वर्षे उशिरा. यंत्रे चालू होती, माणसे वाट पाहत होती, वजाबाकीसाठी शेजारची केंद्रेही होती. भूकंपाच्या क्षणीचा बारीक चुंबकीय बदल नोंदला गेला. आधीचा इशारा मिळाला नाही. एखाद्याने घराच्या दाराशी एकोणीस वर्षे पहारा ठेवला आणि पाहुणा आला तेव्हा कोणतीच चाहूल लागली नाही, तर 'चाहूल होतीच, तुम्हाला ऐकू आली नाही' असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा की पहारेकऱ्याने?

यानंतर हमखास आल्फ्रेड वेगेनरचे नाव निघते. खंड सरकतात असे तो १९१२पासून सांगत होता, पंडितांनी त्याला वेड्यात काढले, १९३०मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मेला, आणि पुढे जगाला त्याचेच म्हणणे मान्य करावे लागले; तेव्हा आज ज्यांना हसता ते उद्या खरे ठरतील, असा युक्तिवाद. मला हे उदाहरण फार आवडते, कारण ते मांडणाऱ्यावरच उलटते. वेगेनर खरा ठरला तो चिकाटीने तेच तेच म्हणत राहिल्यामुळे नव्हे. त्याच्या बाजूने जे पुरावे उभे राहिले त्यांत आपल्या दख्खनचा काळा कातळही होता: लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटने त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि १९५०च्या दशकात लंडनमधील पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने हे नमुने मोजले तेव्हा हा प्रदेश एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे त्यावरून निघाले. ती मोजणी कुणालाही पुन्हा करता येत होती, पुन्हा केली गेली, आणि उत्तर तेच आले. भूकंपाच्या चुंबकीय भाकिताबाबत नेमके उलटे घडले आहे: जेवढी केंद्रे वाढली, जेवढी वजाबाकी काटेकोर झाली, तेवढे इशारे विरळ होत गेले. वेगेनरला न्याय दिला त्या कसोटीला हा दावा आजवर उतरलेला नाही.

दार मात्र पूर्ण बंद झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कॅलिफोर्नियातील चुंबकमापकांच्या दशकभराच्या नोंदींवर २०२२मध्ये एक संख्याशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. भूकंपाआधीच्या एक ते तीन दिवसांत एक माफक संकेत दिसतो, असे त्याचे म्हणणे आहे, आणि माफक हा शब्द लेखकांचाच. २०११च्या जपानमधील महाभूकंपाच्या सुमारे ४० मिनिटे आधी आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील, इलेक्ट्रॉन वाढल्याचा जपानी शास्त्रज्ञ कोसुके हेकी यांचा दावाही अजून चर्चेत आहे. त्याच दिवशी सूर्यामुळे चुंबकीय वादळही चालू होते, आणि नेमका यावरच वाद आहे. समजा, उद्या हे दोन्ही दावे टिकले. तरी शेकडो भूकंपांच्या सरासरीत दिसणारा माफक कल आणि 'परवा पाटण तालुका खाली करा' असे सांगता येण्याजोगा इशारा, यांत जमीन-अस्मानाचे अंतर राहील. खोट्या इशाऱ्याचीही किंमत असते. चीनमधील हायचेंगला फेब्रुवारी १९७५मध्ये भूकंपाआधी लोकांना वेळीच बाहेर काढता आले, याचे श्रेय मुख्यतः आधी होत राहिलेल्या छोट्या धक्क्यांना जाते. पुढच्याच वर्षी तांगशानला तशी स्पष्ट सूचना मिळाली नाही आणि सरकारी आकड्यानुसारच दोन लाख बेचाळीस हजार माणसे गेली.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. 'सगळी बुवाबाजी' म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा पैशाचा असतो: इशारा मिळणारच नसेल तर यंत्रे कशाला मांडायची? हा प्रश्न वरवर व्यवहारी, पण मुळात आंधळा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत असत. सप्टेंबर १८५९च्या सुरुवातीला तिथल्या निरीक्षकांनी क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे टिपून ठेवले. हे काय आहे, कशासाठी टिपायचे, याचे पुरते उत्तर तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते. २००३मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्याच जुन्या आकड्यांवरून आजवरच्या सर्वांत प्रचंड सौरवादळाची ताकद काढली. आज उपग्रह आणि वीजजाळी यांच्या सुरक्षेचा विचार होतो तेव्हा त्या वादळाचा दाखला हटकून दिला जातो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४मध्ये ही वेधशाळा अलिबागला हलवली आणि खोल्या पोरबंदरच्या चुंबकरहित दगडात बांधल्या, एवढी काळजी त्या काळच्या राज्यकर्त्यांनी घेतली, तेव्हा त्यांना कोणी 'याने भाकीत होणार का' असे विचारले असते तर आज आपल्या हाती काय उरले असते?

विज्ञानाने लोकांशी काय बोलावे, याचाही इथे संबंध येतो. इटलीतील लाक्विला येथे २००९च्या वसंतात बारीक धक्के बसत होते, एक तंत्रज्ञ रेडॉन वायूवरून भाकिते करीत होता आणि लोक धास्तावले होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली, लोकांपर्यंत मात्र पोहोचला तो 'काळजीचे कारण नाही' असा सूर. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. सहा शास्त्रज्ञांना आणि एका अधिकाऱ्याला २०१२मध्ये शिक्षा झाली, शास्त्रज्ञ २०१४मध्ये अपिलात सुटले. भाकीत खोडून काढण्याच्या भरात 'काही होणार नाही' हे उलटे भाकीत केले जाते, हा धडा आपल्या टिंगलखोरांनी घ्यावा. किल्लारीचे वेगळे काय होते? १९९२च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून तिथे धक्के बसत होते, लोक विचारत होते. लातूर तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर थकून झोपलेल्या गावांवर दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची मातीने जड झालेली छते कोसळली, आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. चुंबकमापकाने ती वाचली नसती. हलकी छते आणि बांधीव कोपरे यांनी त्यातली कितीतरी वाचली असती. म्हणून घरांचा पैसा यंत्रांकडे वळवा असे मी म्हणत नाही, यंत्रांना लागणारा पैसा त्यामानाने चिल्लर आहे.

आणि तो कोयनेत खर्चावा, असे का? ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त झाले आणि सुमारे दोनशे माणसे दगावली, हे सर्वांना माहीत आहे. धरणाच्या पाण्यामुळे चाळवलेल्या भूकंपांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. पाचाहून मोठे वीसेक भूकंप जेमतेम वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात झालेले, खोली बरीचशी दहा किलोमीटरच्या आत, असे ठिकाण दुसरीकडे नाही; गोठणे गावाजवळ २०१७मध्ये तीन किलोमीटर खोल विंधनविवरही पूर्ण झाले आहे. पण चुंबकीय अभ्यासाच्या दृष्टीने कोयनेचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. तिथे ताण किती बदलला हे आपल्याला भूकंप होण्याची वाट न पाहता दरवर्षी कळते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पूर्ण भरला की सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास तीनशे कोटी टन पाणी खडकावर बसते, उन्हाळ्यात त्यातले बरेचसे उतरते, आणि त्या चढउताराचा दिवसागणिक हिशेब पाटबंधारे खात्याच्या वहीत असतो. ऑस्ट्रेलियात टॅल्बिंगो धरण भरताना १९७०च्या दशकाच्या आरंभी नेमका असाच प्रयोग झाला आणि पाणी चढताना काही नॅनोटेस्लांचा बदल मोजला गेला. आपल्याकडे वर किलोमीटरभर जाडीचा बेसाल्ट, म्हणजे टॅल्बिंगोहून कमी नव्हे असा चुंबकी खडक, आणि खाली ग्रॅनाइट, जिथे भूकंप होतात. खडक किती ताणाला किती चुंबकीय प्रतिसाद देतो, हे प्रयोगशाळेतल्या मूठभर नमुन्याऐवजी अख्ख्या डोंगरावर मोजण्याची ही सोय निसर्गाने आणि महाराष्ट्राने मिळून करून ठेवली आहे.

अडचणी आहेतच. जलविद्युत केंद्र आणि उच्चदाबाच्या तारा यांचा उपद्रव होणार, सह्याद्रीच्या माथ्यावर विजा पडून कातळाचे चुंबकन जागोजागी विस्कटलेले असते (पठारावर होकायंत्र दगडाला टेकवून पाहिलेल्या ट्रेकरला हे माहीत असेल, उत्तर दिशा दोन पावलांवर बदलते), आणि पावसात उपकरणे सांभाळणे सोपे नाही. उत्तराखंडात घुत्तू येथे २००७पासून भूकंपपूर्व बदलांसाठी अनेक उपकरणांची वेधशाळा चालते, तिथला अनुभव उपयोगी पडेल. मात्र एक अट मला अनिवार्य वाटते: नोंदी त्याच दिवशी सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात. भूकंपानंतर कपाटातून काढलेला आलेख एदोच्या खिळ्यांपेक्षा फार विश्वासार्ह नसतो. आधीपासून सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या आलेखात मागाहून खुणा शोधता येत नाहीत आणि लपवताही येत नाहीत. भाकितवाद्यांना त्यावर इशारा द्यायचा असेल तर तारीख, जागा आणि तीव्रता लिहून खुशाल द्यावा, बरोबर आणि चूक दोन्ही मोजले जातील. पावसाळ्यात वर्तमानपत्रे रोज कोयनेच्या पाणीसाठ्याचा टीएमसीतील आकडा छापतात. त्याच चौकटीत दोन केंद्रांच्या वजाबाकीचा नॅनोटेस्लांतला आकडा छापायला आणखी एक ओळ लागेल.